खडकाळ किनाऱ्याची नोंदवही सरकारने ठेवावी

कोकणात एखादं बंदर, सागरी रस्ता किंवा औष्णिक प्रकल्प यायचा असला की त्याच्या आधी एक जाडजूड अहवाल येतो. पर्यावरणीय आघात मूल्यांकन हे त्याचं भारदस्त नाव. त्यात ‘सागरी जैवविविधता’ असं एक प्रकरण असतं आणि त्या प्रकरणाचा पाया बहुतेक वेळा एकाच हंगामातली पाहणी असते. तीही पावसाळा वगळून. प्रजातींची यादी, दोन-चार फोटो, एखादा आलेख आणि शेवटी ‘परिणाम मर्यादित व तात्पुरता’ असा शेरा. नियमाला एवढं पुरतं.

खडकाळ किनाऱ्याच्या बाबतीत अशी पाहणी केली काय आणि न केली काय, सारखंच. उलट न केलेली बरी, कारण केलेल्या पाहणीवर शास्त्राचा शिक्का बसतो आणि मग त्या शिक्क्याशी वाद घालणं मच्छीमाराला जमत नाही आणि न्यायालयालाही अवघड जातं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या चौकटीत, वर्षानुवर्षं चालणारी मोजणी हाच खडकावरचं जीवन समजून घेण्याचा मार्ग आहे आणि ती मोजणी सरकारचं नित्याचं काम असायला हवी, असं माझं म्हणणं आहे. कुठला प्रकल्प येवो न येवो.

आधी एका हंगामाचा प्रश्न घेऊ. डिसेंबर-जानेवारीत उधाणाच्या सुकतीला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, मालवण, रत्नागिरी किंवा गोव्यात हणजुण्याच्या खडकांवर उतरलं तर पाय कुठे ठेवावा कळत नाही, इतकं शेवाळ असतं. वरच्या अंगाला उल्वाची पोपटी पानं, डबक्यांच्या कडेला पदिनाचे पंखे, खाली जिथे पाणी जेमतेम हटतं तिथे सरगॅसमचे तपकिरी झुबके, हवेच्या बारीक फुग्यांवर तरंगणारे. मे महिन्यात त्याच जागी जा. वरचा खडक भाजून निघालेला असतो, सरगॅसम तुटून वाळूवर येऊन पडलेलं असतं आणि उरतात ते खडकाला कायमचे चिकटलेले, कवचात राहणारे बार्नेकल, कालवं आणि कपारीत दडलेल्या गोगलगायी. पहिला पाहणीवाला लिहील ‘समृद्ध’, दुसरा लिहील ‘विरळ’. खोटं दोघांपैकी कुणीच लिहिलेलं नसेल.

आणि पावसाळा? तो तर नियमानेच वगळलेला. त्या चार महिन्यांत लाटांचा मार, पावसाचं गोडं पाणी आणि नद्यांचा गाळ या तिन्हींखाली कोकणचा खडक धुऊन निघतो, हे खरं. पण पोर्फायरा नावाचं लाल शेवाळ नेमकं तेव्हाच उगवतं. जपानी लोक ज्या नोरीत भात गुंडाळतात, तिच्याच गोतातलं हे कागदासारखं पातळ, जांभळट शेवाळ लाटा आपटतात त्या उंच खडकांवर जून ते सप्टेंबरमध्ये दिसतं आणि पाऊस सरला की नाहीसं होतं. पावसाळा वगळून केलेल्या पाहणीच्या दृष्टीने ते कोकणात नाहीच.

एक गोष्ट जाता जाता. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती बाराच्या सुमारास येते, दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे किनारा सगळ्यात खालपर्यंत उघडा पडतो तो सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे. हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ऑफिसच्या वेळेत जीप घेऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी दिसतं ते पाणीच. सरगॅसमचा पट्टा त्याने पाहिलेला नसतो, ही त्याची चूक नव्हे. समुद्र दहा ते पाच चालत नाही.

खडकाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा धडा साठ वर्षांपूर्वीच शिकून ठेवलेला आहे. रॉबर्ट पेन हा अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ १९६३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मका बे या ठिकाणी एका खडकावरचे, शिंपले खाणारे तारामासे उपटून समुद्रात भिरकावू लागला. पट्टा लहानसाच होता, आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. शेजारचा तेवढाच पट्टा त्याने तुलनेसाठी तसाच ठेवला. सप्टेंबर उजाडेपर्यंत तारामासे नसलेल्या खडकावर एका जातीच्या बार्नेकलांनी साठ ते ऐंशी टक्के जागा व्यापली. पेन तिथेच थांबला असता, तर ‘तारामासा गेला की बार्नेकल जिंकतात’ असा निष्कर्ष निघाला असता. पुराव्यानिशी निघाला असता आणि चुकीचा ठरला असता. कारण पुढच्या जूनपर्यंत त्याच बार्नेकलांना शिंपले ढकलून बाहेर काढत होते. शेवटी शिंपल्यांनी खडक बळकावला आणि पंधरा प्रजातींच्या जागी आठ उरल्या. या कामावरचा निबंध १९६६ मध्ये आला, आणि तीन वर्षांनी पेनने ‘कीस्टोन’ प्रजातीची, म्हणजे जिच्या एकटीवर साऱ्या वस्तीची घडी टिकून असते अशा प्रजातीची, कल्पना मांडली. आज ती वाघापासून हत्तीपर्यंत कुठेही चिकटवली जाते. पण तिचा जन्म एका ओल्या खडकावर, पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणाऱ्या माणसाच्या हट्टातून झाला.

पेनचा निष्कर्ष उचलून कोकणावर बसवता येत नाही, हेही सांगायला हवं. त्याचा तारामासा आपल्याकडे नाही. शिवाय उष्ण कटिबंधात गणित वेगळं असतं. पनामाच्या खडकांवर झालेल्या कामात दिसलं की तिथे कुणी एक मुख्य भक्षक नाही. मासे, खेकडे, गोगलगायी असे अनेकजण मिळून खडक साफ ठेवतात. म्हणजे परक्या किनाऱ्याचा नियम उसना आणून आपलं भागणार नाही. आपला किनारा आपल्यालाच मोजावा लागेल, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. डहाणू-मुंबईचा काळा बेसॉल्ट, दक्षिणेकडचा सच्छिद्र जांभा, उत्तरेकडे पाच मीटरपर्यंत जाणारी भरती आणि गोव्यात तिच्या निम्म्याच्या आसपास राहणारी, यांतला प्रत्येक फरक खडकावर कोण राहणार ते ठरवतो.

दीर्घ नोंदींचा उपयोग काय, हे मात्र इंग्लंडच्या एका अपघाताने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं दुसऱ्या कशाने नसेल. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळच्या खडकावर आदळलं. पोटात सुमारे एक लाख एकोणीस हजार टन कच्चं तेल. सरकार गडबडलं. विमानांतून बॉम्ब टाकून तेल पेटवून पाहिलं आणि किनाऱ्यांवर सुमारे दहा हजार टन रसायन ओतलं, तेल फोडून वाहून नेण्यासाठी. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतल्या लोकांनी हातातली कामं बाजूला ठेवून खडकांकडे धाव घेतली. त्या भागातल्या खडकांवर पूर्वी काय होतं हे त्यांना माहीत होतं, कारण ॲलन साउथवर्ड आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकापासून तिथले बार्नेकल मोजत होते.

पुढे जे दिसलं ते कुणाच्या अंदाजात बसणारं नव्हतं. तेलापेक्षा रसायनाने जास्त संहार केला. खडकाला टोपीसारखं चिकटून बसणारे आणि शेवाळ खरवडून खाणारे लिंपेट झाडून मेले. चरणारं कुणी न उरल्याने खडक आधी हिरव्या शेवाळाने मखमली झाला. कुणी पर्यटक म्हणाला असता, वा, किनारा सावरला! मग तपकिरी शेवाळाचं दाट रान माजलं आणि त्याखाली बार्नेकल गुदमरले. त्या रानाच्या सावलीत नव्या लिंपेटांची भली मोठी पिढी वाढली. तिने शेवाळ फस्त केलं, मग खायला काही उरलं नाही म्हणून ती उपाशी भटकू लागली आणि मेली. हे हेलकावे शमायला काही ठिकाणी पंधरा वर्षांपर्यंत गेली. गोड्रेव्ही या ठिकाणी मात्र सीलच्या काळजीपोटी रसायन वापरलं नव्हतं. तिथे तेल तसंच राहिलं, तरी तो किनारा दोन-तीन वर्षांत पूर्वपदावर आला.

या पंधरा वर्षांपैकी कुठलाही एक हंगाम उचलून अहवाल लिहिला असता, तर तो दिशाभूल करणारा ठरला असता. पहिल्या उन्हाळ्यात हिरवळ, तिसऱ्या वर्षी शेवाळाचं रान, सातव्या वर्षी उघडा खडक. यातलं कुठलं दृश्य ‘सामान्य’, हे आधीची नोंद हाताशी असलेल्या माणसालाच कळतं. आणि त्या कळण्यातून धोरण बदललं. ब्रिटनमध्ये कमी विषारी रसायनं आली आणि खडकाळ किनाऱ्यावर ती ओतण्याबाबत हात आखडता घेतला जाऊ लागला.

आपल्याकडे ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं आपटली आणि शेकडो टन तेल सांडलं. दर पावसाळ्याच्या तोंडाला गोव्या-कोकणच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, ते निराळेच. अशा वेळी वर्तमानपत्रांत तेलाने माखलेल्या खारफुटीचे फोटो येतात, त्यात गैर काही नाही. पण खडकाचा फोटो येत नाही. काळ्या बेसॉल्टवर काळं तेल दिसत नाही म्हणून असेल.

खडक न दिसण्याची सवय आपल्या कायद्यालाही आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वात संवेदनशील भागांची यादी आहे. खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, खाऱ्या दलदली, समुद्री गवताची कुरणं, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं, नालखुरी खेकड्यांचा अधिवास असं बरंच काही त्यात आहे. शेवाळाने आणि कालवांनी भरलेला खडकाळ किनारा त्या यादीत स्वतःच्या नावाने नाही. तो भरती-ओहोटीमधली जागा म्हणून खालच्या पायरीवर येतो, आणि तिथे बंदरांसाठी, सागरी सेतूंसाठी भराव घालायला वाट मोकळी आहे.

याचा परिणाम मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या वेळी दिसला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये त्याची मंजुरी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. शंभराहून जास्त हेक्टर भराव पडला. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून रीतसर परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. काम काळजीने झालं, त्याला नाव ठेवत नाही. पण प्रवाळ ज्या खडकाचे भाडेकरू होते तो खडक, त्यावरचे झोअँथिडचे (प्रवाळांच्या मऊ नातलगांचे) गालिचे, शेवाळ, कालवं, त्यांना भोकं पाडून खाणाऱ्या गोगलगायी यांच्यासाठी कुठलीच अनुसूची नव्हती. कायद्याला जे दिसलं ते वाचवलं गेलं. कायद्याला दिसावं म्हणून आधी कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

गंमत अशी की मुंबईच्या शेवाळाची नोंद जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे. फ्रेडरिक बोर्गेसेन हा डॅनिश शैवालतज्ज्ञ १९२७-२८ च्या हिवाळ्यात मुंबई आणि द्वारका-ओखा भागात फिरला आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यांवरच्या शेवाळांवर त्याने पुढे लेखमाला लिहिली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुख्यालय गोव्यात आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. संस्थांची वानवा नाही, हुशार माणसांचीही नाही. वानवा आहे ती सातत्याला पगार देणाऱ्या खात्याची. संशोधन प्रकल्प तीन वर्षांचा, पीएचडी चार-पाच वर्षांची, आणि ‘त्याच खडकावर यंदाही गेलो, बार्नेकल गेल्या वर्षीइतकेच होते’ या वाक्यावर कुणाला बढती मिळत नाही. हे दुखणं आपलंच आहे असं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी प्लिमथच्याही काही जुन्या नोंदमालिकांचा पैसा आटला, त्या खंडित झाल्या आणि पुढे पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मधली वर्षं कायमची गेली.

पैसा नाही, हे उत्तर मात्र कुणी देऊ नये. शेवाळाच्या शेतीसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासूनच्या पाच वर्षांकरता ६४० कोटी रुपये ठेवले गेले. उद्दिष्ट अकरा लाख टनांच्या वर. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही गेलं नाही. शेवाळाच्या शेतीला माझा विरोध नाही. तामिळनाडूत बायकांच्या हातात तिने रोख पैसा दिला आहे. पण ही शेती मुख्यतः कप्पाफायकस या बाहेरून आणलेल्या शेवाळावर उभी आहे, आणि मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचं २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. तिथे संशोधक आधीपासून पाण्यात उतरत होते म्हणून ते लक्षात तरी आलं. सरकारने २०२४ मध्ये जिवंत शेवाळ आयात करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे चांगलंच झालं. पण आयात केलेलं शेवाळ पसरतं आहे की नाही हे कशाच्या तुलनेत ठरवणार? शेजारच्या खडकावर आधी काय होतं याची नोंद हवी. ६४० कोटींतला शंभरावा हिस्सा या कामाला दिला असता तर पश्चिम किनाऱ्याची मोजणी अनेक वर्षं आरामात चालली असती. त्याला लागतं तरी काय? खडकात कायमचे ठोकलेले खिळे, एक चौकट, दोरी, कॅमेरा, पाण्याचं तापमान नोंदवणारी बोटाएवढी यंत्रं आणि भरतीचं वेळापत्रक वाचता येणारी चार माणसं.

पावसाचं उदाहरण घ्या. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून आहे, हवामान खातं १८७५ पासून. धरण बांधायचं ठरलं म्हणून त्या वर्षी पाऊस मोजायला कुणी निघत नाही. नोंद आधीपासून असते आणि प्रकल्प तिच्यापाशी येतो. एका ठिकाणची नोंद पुरत नाही, हेही पावसानेच शिकवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभरही नाही. खडकाचंही तसंच आहे. डहाणू, वांद्रे, हर्णै, रत्नागिरी, मालवण, हणजुणे अशी निदान सहा-सात कायमची ठिकाणं हवीत. वर्षातून चार वेळा तरी जायचं आणि त्यातली एक खेप पावसाळ्यातली, समुद्र देईल त्या दिवशी.

‘हौशी लोक हे करतातच की’ असं कुणी म्हणेल. करतात, आणि झकास करतात. मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मंडळींनी २०१७ पासून शहराला त्याच्याच किनाऱ्यावरचे जीव दाखवले. पण हौशी माणूस दुर्मिळ जीव दिसला की फोटो काढतो आणि नेहमीच्या कालवांकडे पाठ फिरवतो. ते स्वाभाविक आहे. कंटाळवाणी मोजणी कंटाळ्याचा पगार देऊनच होते. आणि त्या पगारात किनाऱ्यावरच्या बायकांचा वाटा असावा, असं मला ठामपणे वाटतं. ज्या बाया सुकतीला खडकावरची कालवं फोडतात त्यांना कुठल्या कपारीत यंदा काय कमी झालं ते कुठल्याही पदवीधराआधी कळतं. रामनाथपुरमच्या शेवाळ काढणाऱ्या बायकांनी महिन्यातले ठरावीक दिवसच समुद्रात उतरायचं असं आपसांत ठरवून घेतलं, ते कुणाचा अहवाल वाचून नव्हे.

यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळा आहे. नोंदी ठेवून प्रकल्प थोडेच थांबतात? नाही थांबत. मला ते मान्य आहे. कोकणाला रोजगार हवा आहे, बंदरंही हवी असतील, आणि लिंपेटांच्या संख्येवरून सगळंच अडवून ठेवावं असं मी म्हणत नाही. पण नोंद असली की निदान भांडण खरं होतं. भरपाई कशाची, किती, कुणाला, हे ठरवायला आकडा मिळतो. आज मच्छीमार म्हणतो ‘इथे पूर्वी भरपूर होतं’, कंपनीचा सल्लागार म्हणतो ‘आमच्या पाहणीत आढळलं नाही’, आणि या दोन वाक्यांमध्ये निवाडा करायला तिसरी वही कुठेच नसते. अशा वेळी कागद जिंकतो.

वाढवणचंच बघा. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथल्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. ७६ हजार २२० कोटींचा प्रकल्प, १,४४८ हेक्टर समुद्रात भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. मधल्या पंचवीस वर्षांत तिथला खडकाळ किनारा आणि मच्छीमार ज्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात ते पाणी सुधारलं, बिघडलं की होतं तसंच राहिलं, या प्रश्नाला सलग मोजणीचा आधार असलेलं उत्तर दोन्ही निर्णयांच्या वेळी सर्वांसमोर असायला हवं होतं.

आता भिंत उभी राहील, प्रवाह वळतील, गाळ वेगळीकडे बसेल. म्हणून दक्षिणोत्तर शेजारच्या गावांच्या खडकांवर खिळे या हिवाळ्यातच ठोकायला हवेत, भराव पुरता पसरण्याआधी. खर्च बंदराच्या अंदाजपत्रकातून घ्यावा, पण मोजणारी माणसं बंदराची नसावीत आणि आकडे दर वर्षी, कच्चे, जसेच्या तसे, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे लागावेत. मोजणीत चूक निघाली तर ती दाखवण्याचा पहिला अधिकार रोज तिथे उतरणाऱ्यांचा.